विठोबाचा वाटा

कुंभकोणमच्या मोठ्या वीथीत एकोजी आणि हनुमंतरावांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं, आणि त्यात तिसरा भागीदार विठोबा. दोघांचे वाटे सारखे, मधला लहानसा देवाचा. दर एकादशीला तो गोविंदपुरमच्या देवळात पोचता व्हायचा. मागची ओतशाळा एकोजीची. कावेरीच्या मातीत साचा बसवावा तर त्यानेच. पुढचं दुकान हनुमंतरावांचं. ते भवानीचे, म्हणजे एकोजीच्या बायकोचे थोरले भाऊ, आणि भजनात पुढे गाणारे. एकोजी त्यांच्या मागे झांजा वाजवी. अशा माणसावर संशय घ्यायचा म्हणजे देवाकडेच जामीन मागायचा!

छप्पन साली नवा कंपनी कायदा आला आणि हनुमंतरावांनी टूम काढली.

"एकोजी, आपण प्रायव्हेट लिमिटेड होऊं."

"कशास, अण्णा? भागीदारी बरी चालली हाय."

"चालते तोंवर बरी. उद्यां बुडाली तर तुमचं राहतं घरदेखील जाईल. कंपनी बुडाली तर कंपनीपुरतीच बुडते."

वकील शंकरनारायण यांनीही हेच सांगितलं. माणूस तमिळ, पण सावकाश समजावणारा. "भागीदारी म्हणजे तुम्ही दोघं," ते म्हणाले. "मन उठलं की ती मोडता येते, पण एक दुसऱ्याला हाकलू शकत नाही. कंपनी म्हणजे तुमच्याहून वेगळीच कुणी. तिथे ज्याचे शेअर जास्त त्याचा शब्द चालतो."

"आमचे सारखेच हायत," एकोजी म्हणाला.

"आणि देवाचे? ते धरायला माणूस लागेल. नाहीतर रीतसर ट्रस्ट करा."

एकोजीला हसू आलं. घरच्या घरी ट्रस्ट! विठोबाला आता वकीलपत्र द्यायचं की काय? "अण्णांच्या नांवें लिहा," तो म्हणाला. "भजनांत पुढें तेच असतात."

वकिलांनी चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा पाहिलं. हनुमंतरावांनी डोळे मिटून हात जोडले.

पुढे हनुमंतरावांचा वेंकटेश मद्रासहून शिकून आला आणि ॲल्युमिनियमचं वेड घेऊन आला. पितळ कोण घासत बसतं आता? ओतशाळा पाडून तिथे गुदाम करायचं, असं बापलेकांनी ठरवलं.

"मी डायरेक्टर असेतों भट्टी विझणार नाहीं," एकोजीने तोंडावर सांगितलं. हनुमंतरावांनी वाद घातला नाही. त्यांनी सभा बोलावली. नोटीसही वेळेवर आली. एकोजीने ती वाचून खुंटीला अडकवली. सारखे वाटे, कोण काय करणार?

सभा दुकानाच्या माडीवर झाली. कॉफी झाल्यावर वकिलांनी ठराव वाचला: एकोजीला डायरेक्टरपदावरून काढून वेंकटेशला घ्यावं. एकोजीने आपले सगळे शेअर विरुद्ध टाकले. हनुमंतरावांनी आपले बाजूने टाकले. बरोबरी झाली. एकोजी अंगवस्त्र झटकून उठला.

"बसा," हनुमंतराव म्हणाले. "विठोबाचे राहिले."

एकोजी खरंच बसला. देवाचे कुणीकडे, हे विचारायचं भानसुद्धा त्याला राहिलं नाही. हनुमंतराव मान खाली घालून म्हणाले, "ठरावाच्या बाजूनें."

मेव्हण्याने केसाने गळा कापला होता, आणि केस एकोजीनेच आपल्या हाताने आणून दिला होता. संध्याकाळी भट्टीत पाणी ओतलं गेलं. तो फुसफुसाट त्याला रस्त्यापर्यंत ऐकू आला.

"अण्णानें असं केलं?" भवानी पुन्हा पुन्हा विचारत राहिली. "माझ्या अण्णानें?"

"अण्णानें आपल्या बळावर केलं असतं तर भांडलों असतों, भवानी. देवाशीं कसा भांडूं?"

पण भांडण पोटात मावेना. एकादशीला तो गोविंदपुरमला गेला. हनुमंतराव आधीच आले होते. देवाचा वाटा त्यांनी नेहमीसारखा पायाशी ठेवला होता, त्यात कसूर नाही. मग गायला बसून त्यांनी सवयीने मागे झांजांसाठी हात केला.

एकोजी त्यांना वळसा घालून थेट मूर्तीपुढे गेला. स्वतः ओतलेल्या झांजा त्याने त्या पैशांशेजारी ठेवल्या.

"आमच्यासाठीं कमरेवरचे हात कधीं काढले नाहींस," तो म्हणाला. "माझ्या विरुद्ध मात्र वर केलेस."

मागे हनुमंतरावांनी क्षणभर वाट पाहिली. मग झांजांवाचूनच सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच गोड लागला होता.