दांडीची चौथी पायरी

"दांडी पहिल्या पायरीला लागते, हाशम. त्यापुढे ओढली की मेल्यासारखी," हातातला घास तसाच धरून हे म्हणाले.

हाशम माझ्या बहिणीचा मुलगा; मला खाला, यांना खालू म्हणायचा. बस कंपनीच्या वर्कशॉपात यांनीच त्याला चिकटवला होता. "तार सैल असेल, खालू. उद्या बसवतो," म्हणत त्याने सुरमईचा आणखी एक तुकडा वाढून घेतला.

ताइफहून मक्केकडे उतरणाऱ्या घाटात हे एकवीस वर्षं यात्रेकरूंची बस चालवत होते. मी ताइफला नवी आले तेव्हा त्या दांडीचं कौतुक यांनीच मला समजावलं होतं. स्टिअरिंगजवळची दांडी ओढली की बसखालचे विजेचे चुंबक जागे होतात आणि चाकं फिरवणाऱ्या दांड्यावरच्या चकतीला अडवतात. काही घासत नाही, म्हणून झिजत नाही. बस थांबत नाही, पण आवरते. दांडीला पायऱ्या चार, चौथीला जोर सगळ्यात जास्त. पायाचा ब्रेक मात्र घासतो. सगळा उतार त्याच्यावरच काढला तर तापून पकड सोडतो.

एवढं ठाऊक असूनही यांनी बिघाडाच्या वहीत लिहिलं नाही. वहीत लिहिलं की जाब मेकॅनिकला विचारतात. आमच्या गावचे ड्रायव्हर आपल्या मेकॅनिकविरुद्ध लिहीत नसत. घरी बोलवायचे, जेवू घालायचे आणि सांगायचे.

दोन दिवसांनी हाशमने फोनवर सांगितलं, काम झालं.

त्यानंतरच्या फेरीत, घाट लागायच्या आधी वरच्या सपाटीवर पहिली पायरी लागली. तिसऱ्या वळणावर यांनी चौथी ओढली, तेव्हा हाताला काहीच आलं नाही. जळका वास येईपर्यंत पायाचा ब्रेक दाबला आणि शेवटी बस ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी कडेला केलेल्या चढत्या खडीत घातली. बेचाळीस माणसं होती आत. कुणाला खरचटलंही नाही.

चौकशीत हाशम म्हणाला, दांडी ठीक होती, कुणी तक्रार केली नाही. वही कोरीच होती. ड्रायव्हर बदरुद्दीन यांनी दांडी न वापरता बस उतरवली, असा यांच्या नावावर शेरा पडला आणि यांना कायमचं गावी परत जायला सांगितलं.

आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी हाशम दारात आला. आत आला नाही.

"माझी नोकरी गेली असती, खाला. खालूंचं तर तसंही वय झालंय."

"तू फोनवर काम झालं म्हणालास," मी म्हटलं.

हे आतून म्हणाले, "त्याला चहा दे." मी उठले नाही. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

जेद्दाच्या विमानतळाकडे निघालो तेही कंपनीच्याच बसने. चालवायला नवा ड्रायव्हर होता. हे खिडकीशी बसून बाहेर बघत होते. घाट लागला तसा यांचा उजवा हात गुडघ्यावरून हलकेच मागे सरकला. एक. मग दोन. तिसऱ्या वळणावर चौथी पायरी ओढून मूठ तशीच घट्ट राहिली, खाली सपाटी लागेपर्यंत.