रविवारी उतरलेले चित्रण

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. उन्हाने पिवळी पडलेली पेटी आणि पुढे चार हिरवे दिवे, एवढाच मी. माझ्याकडे सांगण्यासारखे फारसे नाही, पण एक गोष्ट मनातून जात नाही.

लुईस बेटावर मारसली आजीच्या खिडकीत मी राहतो. वस्तीतल्या चौदा घरांचे इंटरनेट एकाच जुन्या तारेवरून येते. मी नवा होतो तेव्हा शेजारी मला बघायला येत. पुढे शहरात वेगवान तारा आल्या, आमच्याकडे आल्याच नाहीत, आणि लोक माझ्यावरच चिडू लागले.

गेल्या वर्षी आजीची बहीण एफी कॅनडात वारली. तिचा मुलगा इव्हर याने आईचे शेवटचे चित्रण पाठवले आणि तो जहाजावर कामाला निघून गेला. ती फाइल रविवार संध्याकाळपर्यंतच उतरवता येणार होती, आणि उतरायला जवळजवळ एक दिवस लागणार होता. मी आठवडाभर प्रयत्न केला. शाळा सुटली की सगळी घरे तारेवर येत, फाइल मध्येच तुटे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई. आकड्यांकडे बघता बघता आजीचे सूप गार होई.

तार मोकळी असते ती फक्त रविवारी. तो देवाचा वार, त्या दिवशी इथे कोणी काम करत नाही, कपडेसुद्धा वाळत घालत नाही. शनिवारी संध्याकाळी घरोघरचे राउटर बंद होतात. मीही.

त्या शनिवारी आजीचा हात बटणावर थांबला. तेवढ्यात शेजारचा याखन जळणाची पाटी घेऊन आला. चर्चच्या कारभारातला तो जुना माणूस.

“चालू ठेवलं तर पाप लागेल का रे?” आजीने विचारले.

“तुझ्या कोंबड्या रविवारी अंडी घालतात. त्यांना कधी विचारलंस?”

“चेष्टा नको. तू चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा माणूस.”

“म्हणून तर तिथून तुझी खिडकी दिसत नाही,” याखन म्हणाला. मग हळूच, “सोमवारी येऊ का? मलाही एफीला ऐकायचंय.”

आजीने फाइल सुरू केली आणि माझ्या दिव्यांवर रुमाल टाकला.

रविवारी ती चर्चला गेली. एवढी मोकळी तार मला कधी मिळाली नव्हती, आणि एवढे एकटेही कधी वाटले नव्हते. दुपारी तीन वाजता फाइल पूर्ण झाली. आजी परतली, तिने पडद्याकडे एकदा पाहिले, लॅपटॉप मिटला आणि कोट न काढताच ती खुर्चीत बसून राहिली. सोमवार उजाडेपर्यंत तिने तो उघडला नाही.

सोमवारी याखन टाय बांधून आला. पडद्यावर एफी बटाटे सोलत होती. “मारसले, माझी निळी किटली तुझ्याकडेच आहे, मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“आहे गं,” आजी म्हणाली.

आता ते चित्रण लॅपटॉपमध्येच आहे. ते बघायला माझी गरज लागत नाही. ते बरोबरच आहे, मी तक्रार करत नाही.

पण मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्याकडे सगळे क्षणात येते-जाते. दूरच्या कुणाला मोठे काही पाठवलेत, तर चार दिवसांनी विचारा, पोहोचले का. इव्हरने अजून विचारलेले नाही. आजी अधूनमधून मला चालू करते, चारही दिवे हिरवे होईपर्यंत थांबते, आलेल्या ईमेलमध्ये त्याचे नाव शोधते आणि मला बंद करते.