गिलक्याच्या नावाची मूठ

"वाघाचा पंजा बसला त्याला," झुंबरबाईने फोनवर सांगितलं आणि काखेतल्या कुत्र्याचं तोंड हलकेच दाबून धरलं. नाहीतर तो नेमका तेव्हाच कुईकुई करून सगळं उघडं पाडायचा. "यावलच्या जंगलात. एवढासा जीव, पण मागे हटला नाही. म्हणून मागचे पाय गेले बघा. बाकी राजा आहे राजा. काही म्हणजे काही करावं लागत नाही त्याचं."

पलीकडून दोंडाईच्याची कामिनी नावाची बाई म्हणाली, की ती शनिवारीच येते.

झुंबरबाईने फोन ठेवला. वाघ वगैरे काही नव्हतं. दीपनगरच्या रस्त्यावर एका टेम्पोचं चाक त्याच्या कमरेवरून गेलं होतं. नात दिपमालाने ओढणीत गुंडाळून त्याला मेहरूणला आणलं, डॉक्टर केले, आणि महिन्याभरात नोकरी लागली म्हणून आजीच्या मांडीवर ठेवून ती नाशिकला निघून गेली. घोसाळ्यासारखा लांबट, हिरवट-करडा, मधे जरा वाकलेला. झुंबरबाईने त्याचं नाव गिलक्या ठेवलं.

नानांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

"कानबाईमाता बसायच्या आत हे घराबाहेर गेलं पाहिजे. घर धुऊन-पुसून घ्यायचं आणि हे ओलं करत सरपटणार? कोणी नेलं नाही, तर जिथून आणलं तिथं मी स्वतः सोडून येईन."

शालिग्रामनाना उभा जन्म बाजार समितीच्या काट्यावर बसलेले. काट्यावर खोटं नाही, तसं तोंडातही नाही. सोडून येईन म्हणाले, म्हणजे येणारच. तेव्हापासून झुंबरबाई दिसेल त्याला गळ घालत होती. कोणाला सांगायची, हा कुत्रा पोलिसातून रिटायर झालाय. कोणाला सांगायची, याने रात्री विहिरीत पडलेली म्हैस शोधून दिली. थाप मारायची तर हात आखडता कशाला घ्यायचा.

माणसं यायचीही. पण दारात नाना बसलेले असायचे.

धुळ्याचा तोताराम बायकोला घेऊन गाडी करून आला होता. बायकोने गिलक्याला उचललं, तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. तेवढ्यात नाना म्हणाले, "त्याला लघवीचं कळत नाही. दिवसातून तीनदा हाताने पोट दाबून काढावी लागते. राहिली तर ताप येतो. जन्मभर असंच."

तोतारामने बायकोकडे पाहिलं. बायकोने गिलक्याला खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले.

ते गेल्यावर झुंबरबाई उसळली. "बठ्ठं सांगी टाकं ना तुम्ही."

"खरं शे तेच सांगं," नाना म्हणाले आणि पेपर उघडला.

तिला कळेना. कुत्रं घराबाहेरही हवं आणि न्यायला आलेल्याला हाकलायचंही. या माणसासोबत इतकी वर्षं काढली, पण असा आडमुठेपणा पाहिला नव्हता.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी घरात श्रावणातल्या सणाची देवी, कानबाई, बसणार होती. नानांनी आंघोळ करून निवडलेले गहू पुढ्यात घेतले. रोटांसाठी घरातल्या एकेका माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, दळून आणायचे, आणि त्या पिठाचा रोट फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला त्याचा कणही द्यायचा नाही. नाना एकेक नाव घेत गेले. स्वतःचं, झुंबरबाईचं, सुरतेच्या मुलाचं, सुनेचं, दिपमालाचं. भरलेली मूठ, मग पाव. झुंबरबाई शेजारीच बसून बघत होती. फडक्याची गाठ तिनेच मारली आणि चक्कीवर न्यायची म्हणून ती गव्हाच्या कोठीच्या कडेला ठेवली.

मग गिलक्याला मांडीवर घेऊन ती स्वयंपाकघरात ओट्याच्या आडोशाला बराच वेळ बसली. त्याच्या कानामागे नाक खुपसलं. नाना आत आले तशी म्हणाली, "मसाला गेला डोळ्यांत."

दुपारच्या गाडीने कामिनी आली. चाळिशीची, सावळी, हातात वेताची टोपली आणि टोपलीत जुन्या लुगड्याची मऊ घडी. झुंबरबाईला टोपली बघूनच बरं वाटलं.

नानांनी पेपर खाली ठेवला. "त्याला लघवीचं कळत नाही," त्यांनी सुरुवात केली.

कामिनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सासूबाई माझ्या आठ वर्षं अंथरुणावर होत्या, नाना. हाताला सवय आहे. त्या गेल्या आणि आता हात रिकामे राहतात, तेच सोसत नाही."

नानांनी पेपरची घडी घातली. मग पुन्हा म्हणाले, "डावीकडून दाबायचं नाही. तिथं दुखतं त्याला. उजव्या अंगावर निजवायचं, पोटाखाली गरम हात धरायचा थोडा वेळ, मग आपोआप सैल सोडतो."

झुंबरबाईच्या हातातला चहाचा कप तिथेच थांबला. सकाळ-संध्याकाळ ती दाबायची. दुपारी ती झोपायची, आणि उठेपर्यंत गिलक्या कोरडा, पोट मऊ, फडकं बदललेलं. तिला वाटायचं, शेजारची रत्ना येऊन करून जाते. ती नवऱ्याच्या हातांकडे बघत राहिली. या हातांनी त्यांनी स्वतःच्या पोराचा लंगोटही कधी बदलला नव्हता.

"लक्षात ठेवते," कामिनी म्हणाली. "उजव्या अंगावर." तिने टोपली पुढे ओढली. "निघू का मग? साडेचारची गाडी आहे."

खरं सांगायचं होतं तेवढं संपलं होतं. नानांनी गळा खाकरला. एकदा, दोनदा.

"नेता यायचं नाही," ते म्हणाले. "रोटाची मूठ पडलीय त्याच्या नावाने. सकाळीच टाकली मी. ज्याच्या नावाची मूठ पडली, तो घरचा झाला. घरचा असा कसा द्यायचा?"

झुंबरबाईने कप खाली ठेवला. ठेवला म्हणजे बशीवर आपटलाच. काट्यावर छटाकभर इकडचं तिकडे न केलेला माणूस, आणि कानबाईचं नाव घेऊन, सणाच्या तोंडावर, धडधडीत खोटं. तेही तिच्यासमोर, जिने स्वतः गाठ मारली होती.

कामिनी खान्देशातलीच. तिला मूठ म्हणजे काय हे समजावायला नको होतं. तिने नानांकडे पाहिलं. नाना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"आजी," कामिनीने हळू आवाजात विचारलं, "खरंच टाकली मूठ?"

विहिरीतली म्हैस, पोलिसातली नोकरी, यावलचा वाघ. इतकं सगळं जिभेवर लोळलेलं, पण आता एक साधं हो म्हणायला झुंबरबाईची जीभ उचलेना. देवीचं होतं ते. तिने गिलक्याला उचललं आणि नवऱ्याच्या मांडीवर नेऊन ठेवलं. त्याने सरपटत त्यांच्या धोतरात तोंड घातलं, रोजची जागा असल्यासारखं.

"बस बाई, जाऊ नको," ती कामिनीला म्हणाली. "चहात साखर विसरले मी. आणते."

ती आत गेली. कोठीच्या कडेला गव्हाचं फडकं तसंच होतं, चक्की चारनंतर उघडायची होती. तिने दातांनी गाठ सोडवली.

बाहेर कामिनी विचारत होती, "पण नाना, आजी फोनवर म्हणाल्या, याला वाघाचा पंजा बसला. तेही खरंच का?"

नानांनी पुन्हा गळा खाकरला.

"वाघ नव्हता तो," नाना म्हणाले. "बिबट्या होता."

झुंबरबाईने कोठीत हात घातला, कपाळाला लावला आणि नाव घेतलं. आधी भरलेली मूठ. मग पाव.