खोबणीचं माप

कृत्रिम डोळे बनवणाऱ्या कारागिराने मुलीच्या उजव्या डोळ्यातली प्लास्टिकची वाटी अलगद काढून तबकात ठेवली आणि रिकाम्या खोबणीवर पट्टी धरली.  पट्टी काय सांगणार, हे आईला त्याच्याआधीच ठाऊक होतं.

तीन वर्षांच्या त्या मुलीचा उजवा डोळा जन्मतःच वाढला नव्हता. पहिल्या भेटीत कारागिराने नीट समजावलं होतं. आतून डोळा रेटतो म्हणून भोवतालचं हाड वाढतं. इथे रेटायला डोळाच नाही, तेव्हा ते काम वाटीने करायचं, दर खेपेला जराशा मोठ्या. नाहीतर चेहऱ्याची एक बाजू कायमची मागे राहील.

त्याने पुन्हा मोजलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

"चार महिन्यांत केसभरही फरक नाही. ताई, नवी वाटी रोज घालताय ना?"

"म्हणजे काय! मला तर ते बघवत नाही, मी खोलीबाहेर जातो," वडील म्हणाले. "पण ही एक दिवस चुकवत नाही."

नवऱ्याचं ते कौतुक तिला चटक्यासारखं लागलं.

"मग हाडच आडमुठं दिसतंय. सर्जनना चिठ्ठी देतो. हाड कापून खोबण रुंद करावी लागेल."

"कापून?" वडिलांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "एवढ्याशा पोरीचं?"

"दुसरा इलाज उरला नाही, साहेब."

त्याने कागद पुढे ओढला. आईला रोजची सकाळ आठवली. नवी वाटी घालताना लेक कळवळायची, 'आई, ही नको' म्हणायची. आजचा दिवस राहू दे, उद्यापासून नक्की, असं करता करता चार महिने सरले होते. आज मोठी वाटी बसवली तीही इथे येताना, खालच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून.

पेन कागदावर चालू लागलं.

"थांबा," ती म्हणाली.  नवऱ्याकडे न बघता तिने पर्समधला रुमाल काढला आणि टेबलावर उलगडला. आत जुनी, लहान वाटी होती.

 मुलीने ती लगेच ओळखली. ती खुर्चीवरून उतरली, आईसमोर येऊन तोंड वर केलं, आणि रोज सकाळी करायची तशी दोन बोटांनी पापण्या फाकवून उभी राहिली.