वरचा पट्टा

धुळीचा तो तुकडा हातात लोकरीच्या पट्टीसारखा लागत होता — मऊ, करडा, एका बाजूला पंख्याच्या जाळीचा ठसा उमटलेला. दुरुस्तीवाल्याने तो चिमटीत धरून अलगद सोलून काढला होता आणि कचऱ्यात टाकायच्याऐवजी टेबलावरच्या वर्तमानपत्रावर ठेवला होता, पुरावा ठेवावा तसा. तिने तो उचलून उजेडात धरला. त्यात एक लांब केस अडकला होता. अर्धा काळा, अर्धा पांढरा. म्हणजे इतकी वर्षं हा पंखा आपल्यालाही थोडंथोडं आत ओढून घेत होता तर… तिला जरा हसू आलं, आणि तो तुकडा टाकवेना, म्हणून परत होता तिथेच ठेवला.

दुरुस्तीवाला जमिनीवर मांडी घालून बसला होता. बारीक टॉर्च दातांत धरलेला, त्यामुळे तो बोलायचा तेव्हा शब्द अर्धे आतच राहायचे. कॉम्प्युटर आडवा, एका कुशीवर, पोट उघडं. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली आणि रॅम दुप्पट केली तर हा पळेल, असं त्याचं म्हणणं पडलं. पण किती दिवस पळेल, हे तो छातीठोकपणे सांगणार नव्हता. नवी सिस्टिम याच्यावर चढत नाही. नवा घ्यावा म्हटलं तर हे आवाजाचं कार्ड, म्हणजे साउंड कार्ड, त्यात बसणार नाही, कारण तसली खाचच आता कुणी देत नाही. जुळणारी जुनी रॅम त्याच्या दुकानात होती, पण तिच्यावर आणखी एकाचा डोळा होता. तेव्हा काय ते संध्याकाळपर्यंत कळवा.

टॉर्च तोंडातून काढून तो म्हणाला, "जीव आहे ताई यात अजून. पण लाड करावे इतका आहे का, ते तुम्ही ठरवा."

लाड. तिला तो शब्द आवडला. कॉम्प्युटर वापरलेला होता, पण वापरलेला तिनेच. ती नोकरीला होती तो ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा ज्याने त्याने काहीबाही उचलून नेलं, कुणी खुर्ची, कुणी भिंतीवरचं घड्याळ. तिने ज्याच्यासमोर अर्धं आयुष्य काढलं होतं तो कॉम्प्युटर विकत घेतला आणि नवऱ्याने तो धापा टाकत जिन्याने वर आणला. "लोकांच्या बायकांना सवत येते," तो म्हणाला होता, "मला आली." तेव्हापासून त्याच्या तोंडी कॉम्प्युटरचं नाव सवतच. त्या सवतीवरच ती घरबसल्या काम करायची. लोक पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करत, ती मुद्रणं तिच्याकडे येत, आणि ती त्यांतले श्वास, ओठांची पचपच, पानं उलटल्याची खसखस काढून ती स्वच्छ करून परत पाठवी. वाचणाऱ्याला वाटावं, आपण एका दमात वाचून गेलो.

हल्ली मात्र दोन पुस्तकं परत आली होती. पुस्तकांच्या कंपनीतली मुलगी फोनवर फार अदबीने बोलली होती. ताई, बाकी सगळं सुंदर आहे, फक्त 'स' जरा टोचतोय. श आणि च पण… थोडासाच. दुसऱ्या वेळी 'थोडासाच' म्हणाली नव्हती. तिने कार्डाला दोष दिला होता. जुनं झालं, आवाज मंद देतं — कारण हल्ली मुद्रणं तिला मंदच वाटायची, तोंडावर चादर घेऊन कुणी वाचतंय अशी, आणि म्हणून ती आवाजाचा वरचा पट्टा, म्हणजे बारीक, तीक्ष्ण सूर, नेहमीपेक्षा थोडा उचलून द्यायची. थोडासाच. म्हणून तर याला बोलावलं होतं.

दुरुस्तीवाल्याने वायर लावून कॉम्प्युटर चालू केला, क्षणभर मान तिरपी केली आणि तोंड वाकडं केलं.

"बाकी काही करा न करा, हा पंखा तेवढा बदला. या शिट्टीत तुम्ही काम कसं करता?"

"होते सवय," ती म्हणाली.

इतक्या पटकन म्हणाली, की आपण खोटं बोललो हे तिला त्याचे स्क्रू लावून होईपर्यंत कळलंच नाही. कुठली शिट्टी, असं विचारायला काय हरकत होती? साधा प्रश्न. पण तो तोंडातून निघाला नाही, आणि त्याच्या जागी ते 'होते सवय' आधीपासून तयार असल्यासारखं बाहेर आलं… कधीपासून तयार होतं?

तो गेल्यावर तिने दार लावलं आणि कॉम्प्युटरशेजारी गुडघे टेकून कान लावला. घरघर होती. तिच्याखाली वीजपुरवठ्याची गुणगुण होती, तीही ओळखीची. शिट्टी नव्हती. दुसरा कान लावला. मग तिने माइक काढला, पंख्याजवळ धरून थोडा वेळ मुद्रण केलं आणि ते पडद्यावर रंगीत आलेखात उलगडलं, जाड आवाज खाली, बारीक वर. खाली घरघरीचा जाड तांबूस गाळ… आणि वर, बरंच वर, एक बारीक पिवळी रेषा, पट्टीने आखल्यासारखी सरळ. हेडफोन चढवून तिने खालचं सगळं पुसून टाकलं, नुसती रेषा ठेवली, आवाज वाढवला. आणखी वाढवला. रेषा डोळ्यांसमोर झगझगत होती आणि कानांत काहीही नव्हतं, खोली रिकामी केल्यावर जी शांतता उरते तेवढीच.

तिने किल्ल्यांचा जुडगा उचलून कानाशी हलवला. वाजला. म्हणजे किल्ल्या ऐकू येतात, तिने स्वतःला सांगितलं, आणि या शोधाने तिलाच खजील व्हायला झालं.

स्टुडिओत तिला वटवाघूळ म्हणत. कुठल्या ट्यूबचा चोक गातोय, भिंतीपलीकडे कुणाचा टीव्ही चालू राहिलाय, हे शोधायला मोठमोठे ध्वनिमुद्रक तिला हाक मारत, ती खोलीच्या मधोमध डोळे मिटून उभी राही आणि बोट करी. बोट कधी चुकलं नाही. मी डोळे मिटून उभी आहे आणि सगळे माझ्या बोटाकडे बघतायत — हे मला अजून इतकं स्पष्ट दिसतं, की त्यात आवाज नाही हे आजवर लक्षातच आलं नव्हतं.

भीती वाटायला हवी होती. वाटत होती, पण तिच्या आधी भलतंच काहीतरी मनात आलं होतं: शिट्टी आहे, तर ती घरात दुसऱ्यालाही ऐकू येत असणार. म्हणजे नवऱ्याला. आणि त्याबरोबर ते दार.

वर्षभर तरी झालं असेल, ती कामाला बसली की नवरा बाहेरच्या खोलीतून उठून मधलं दार लावून घ्यायचा. आपटून नाही, हळूच, कडी न वाजवता. पूर्वी ते दार उघडं असायचं, तो तिकडे पेपर वाचायचा, मधूनच काही वाचून दाखवायचा, ती एक हेडफोन बाजूला सरकवून हूं म्हणायची. दार लागायला लागलं त्याच्या थोडं आधी त्याच्या पुतणीचं लग्न होतं आणि ती कामापायी गेली नव्हती. तो एकटा जाऊन आला, काही बोलला नाही. मग दार. या दोन गोष्टींची गाठ तिने स्वतःच मारली होती आणि त्या गाठीवर हळूहळू बरंच काही बांधलं होतं — त्याचं कमी बोलणं, तिचं कमी विचारणं, जेवताना दोघांनी भिंतीकडे बघणं. असंच होतं म्हणे या वयात, असं म्हणून ती त्यात राहायलाही लागली होती. आणि आता… आता एका पंख्यापायी?

तिने चपला घातल्या.

त्याचं चष्म्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. ती पोचली तेव्हा तो एका पांढऱ्या मिशांच्या माणसाची नजर तपासत होता. त्या माणसाने अक्षरांचं कार्ड हात पुरतील तितकं लांब धरलं होतं आणि तो कुरकुरत होता, छपाईच भिकार करतात हो हल्ली, शाई वाचवतात. असल्या गिऱ्हाइकांच्या नकला तो घरी जेवताना करायचा आणि ती पोट धरून हसायची. हात लांब करून करून आता हातच कमी पडतो म्हणून दुकानात येतात, असं तो म्हणायचा. इथे मात्र त्याच्या चेहऱ्यावर त्यातलं काही नव्हतं.

"खरंय," तो म्हणत होता. "शाई वाचवतात. तरी हे एकदा लावून बघा."

त्याने चौकटीत भिंग सरकवलं. कार्ड आपोआप जवळ आलं. माणूस वाचायला लागला आणि एका ओळीनंतर गप्प झाला. आनंद झाल्यासारखा नव्हता तो; पकडला गेल्यासारखा होता. आणि तिला दिसलं, की त्या क्षणी नवऱ्याने त्याच्याकडे पाठ केली, फडताळातला एक खोका उगाचच काढला, त्यातलं काहीतरी शोधत राहिला, माणूस आपला आपण सावरेपर्यंत. नकलांमध्ये हा भाग तो कधीच सांगत नसे. इतकी वर्षं ती हसली होती, आणि हे तिला माहीत नव्हतं. कार्ड लांब धरणारी मी… कार्डालाच दोष देणारी. माझं कार्ड आवाजाचं, एवढाच फरक.

माणूस गेल्यावर त्याने तिला स्टूल सरकवलं. इतक्या दुपारची कशी आलीस, असं विचारलं. तिने सरळच विचारायचं ठरवलं होतं.

"मी कामाला बसले की तू मधलं दार का लावून घेतोस?"

तो गोंधळला. "त्या सवतीची शिट्टी वाजते ना. टोचते मला. दातांत जाते."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला मी कानांबद्दल काय सांगणार?" तो भिंग पुसत म्हणाला. "म्हटलं, ही चालवून घेतेय म्हणजे काही कारण असेल. आणि तिला नाव ठेवलेलं तुला खपत नाही." मग पुसायचा थांबला. "का गं? तुला राग यायचा दाराचा?"

"नाही," ती म्हणाली. आणि मग, "हो. यायचा."

"वर्षभर?"

तिने मान हलवली. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते गेलं, मग त्याने नुसतंच "वेडी आहेस का" असं पुटपुटून तिच्यासाठी पाण्याचा पेला भरला, जणू ती बरंच लांबून चालत आली होती. लग्नाचा विषय तिने काढला नाही. काढायची गरजही वाटली नाही; तिने मारलेली गाठ तिच्याच हातात सैल पडली होती आणि तिच्यात बांधलेलं काहीच नव्हतं.

दुरुस्तीवाला काय म्हणाला, असं त्याने विचारलं. तिने सगळं सांगितलं, एसएसडी, रॅम, नवी सिस्टिम, कार्डाची खाच. एक सोडून सगळं. सांगताना तिला जाणवत होतं, की हा डोळ्यांचा माणूस आहे, लोकांनी न सांगितलेलं बघायची याला रोजची सवय; आणि तरी तिने आवाज मुळीच हलू दिला नाही. वटवाघूळ. आवाज सांभाळणं, एवढं तरी अजून जमत होतं.

संध्याकाळी दुरुस्तीवाल्याचा फोन आला. रॅम ठेवू की देऊन टाकू? उद्या सांगते, ती म्हणाली. बरं, निदान नवा पंखा तरी लावून जातो, तो म्हणाला.

"नको. पंख्याला हात लावू नका इतक्यात."

लोक उलटं सांगतात, असं काहीतरी तो बोलला आणि त्याने फोन ठेवला.

नवरा घरी आला, हातपाय धुऊन एक मोडलेली चष्म्याची चौकट आणि बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेरच्या खोलीत निघाला, तेव्हा ती म्हणाली, "इथेच बस ना." काही न विचारता तो तिच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. तिने कॉम्प्युटर चालू केला. घरघर सुरू झाली, पडदा उजळला, आणि ती पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने त्याची डावी भुवई किंचित वर गेली, जबडा आवळला. मान चौकटीवर वाकलेलीच. म्हणजे शिट्टी सुरू झाली, तिने मनात म्हटलं.

परत आलेल्या पुस्तकाचा एक परिच्छेद तिने काढला आणि हेडफोन न लावता स्पीकरवर सोडला. वाचणारी बाई कुठल्याशा नदीचं वर्णन करत होती. सरळ, संथ, स्वच्छ… पहिल्या 'स'ला त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर अडखळला. दुसऱ्याला पुन्हा. त्याला स्वतःला ते कळलंही नसावं. तिने वरचा पट्टा थोडा खाली घेतला आणि परिच्छेद पुन्हा सोडला. अडखळला, पण कमी. आणखी थोडा खाली. आता बाई सगळी नदी वाचून पुढे गेली आणि स्क्रू आपला शांतपणे फिरत राहिला.

तिच्या कानांना ती बाई जाड चादरीआडून वाचत असल्यासारखी वाटत होती. कडा नसलेली, बोथट. कालपर्यंत असं मुद्रण तिने कुणाला पाठवलं नसतं. पण हा बरोबर आवाज आहे. हा असाच आहे. मला जो आवडतो तो लोकांना टोचतो, आणि मला जो मंद वाटतो तो… तिने हात वरच्या पट्ट्यावर ठेवला, तो पुन्हा जरासा उचलावा अशी ओढ बोटांत आली. इतकी जुनी ओढ, की तिला आजवर ती आपली पारखच वाटत आली होती. बोट तिथेच राहिलं. हलवायचं नाही, असं तिने काही ठरवलं नव्हतं. नुसतं बोट हललं नाही.

"झालं?" त्याने मान वर न करता विचारलं.

"बघते अजून," ती म्हणाली, आणि पुढचा परिच्छेद लावला. कॉम्प्युटरचं, रॅमचं, उद्याच्या फोनचं काही ठरलेलं नव्हतं. त्याला सांगायचं ते वाक्यही अजून जुळलेलं नव्हतं, त्याचा पहिला शब्द काय असेल हेही नाही. पण ते वाक्य सांगायचंच नाही, असा जो हट्ट तिने दुपारभर धरला होता, तो आता उरला नव्हता. बाई वाचत होती. मंद, बोथट, बरोबर. ती ऐकत राहिली — जे ऐकू येत होतं ते, आणि जे येत नव्हतं तेही, आहे असं धरून.