शेवंडीने पाठ दाखवायची नाही

दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या पोराने लाल शेवंड, म्हणजे लॉबस्टर, होऊन पहिल्या नंबरची फीत पटकावली, तेव्हापासून लिझेटने डोक्यात राख घालून घेतली होती. अहो, शेवंड लाल होते ती पातेल्यात. समुद्रात ती काळपट हिरवी असते, हे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे हॅलोविनच्या सोंगांच्या स्पर्धेत, आगीच्या बंबाच्या हॉलमध्ये, एक शिजलेली शेवंड दोन पायांवर चालत आली आणि बक्षीस घेऊन गेली. बक्षीस देणारी कोण, तर लिझेटची सासू झेली. लेकीच्या पोराला फीत, आणि सुनेच्या पोरीला? गेल्या वर्षी लिझेटने मिरेयला दीपस्तंभ केलं होतं, तर सासूबाई चष्मा वर करून म्हणाल्या, "औषधाची बाटली छान जमलीय."

यंदा काही झालं तरी त्या बाईच्या हातून फीत घ्यायचीच, असं लिझेटने ऑगस्टमध्येच ठरवलं. नवऱ्याचा, आल्बानचा, होडीवरचा जुना हिरवा रेनकोट फाडून तिने कवच शिवलं. मोज्यांत कापूस भरून आठ पाय केले, तारेच्या लांब मिशा लावल्या. स्वयंपाकघरातल्या जाड हातमोज्यांच्या नांग्या केल्या आणि त्यांना खरे रबर चढवले, पकडलेल्या शेवंडीने चिमटे काढू नयेत म्हणून आल्बान तिच्या नांग्यांना चढवतो तेच. माप अगदी अंगाबरोबर घेतलं. शेवंडीचं कवच कुठे झोळ पडलेलं असतं का?

हॅलोविनच्या संध्याकाळी समुद्रावरून असा वारा सुटला की अंगणात रचलेले शेवंडीचे पिंजरे कुरकुरायला लागले. त्यात बर्फाची भुरभुर.

"बर्फात घालायच्या जाड सुटाशिवाय पोरगी बाहेर जाणार नाही," आल्बान म्हणाला. "आधीच खोकतेय."

"वरून सूट चढवला तर शेवंड दिसणार कुठे? जांभळं बोचकं दिसेल नुसतं."

"मग आतून घाल."

आतून घातला. लिझेटने खालून ओढलं, आल्बानने वरून दाबलं, दोघांच्या मधे सापडलेल्या पाच वर्षांच्या मिरेयने श्वास आत घेतला, आणि मानेपासून कंबरेपर्यंत पाठीची शिवण फर्रकन गेली. लिझेट मटकन खाली बसली. आल्बानने मात्र काळी चिकटपट्टी आणली आणि होडीचं भोक बुजवावं तशी पोरीची पाठ बुजवली.

"हे बघ राणी," लिझेटने तिच्या मिशा सरळ करत बजावलं, "आज कोणालाही पाठ दाखवायची नाही. काही झालं तरी."

मिरेय शब्दाची पक्की. हॅलोविनला पोरं घरोघर गोळ्या मागत फिरतात, तशी तीही निघाली. दार वाजवलं, पिशवी पुढे केली, गोळ्या पडल्या, "थँक यू" म्हणाली आणि उलट्या पावलांनी निघाली. पायऱ्या उलट्या, वाट उलटी, फाटकही उलटं. दोनदा कुंपणावर आपटली, एकदा कुत्र्यावर बसली. पण लोक खूश. "वा, घाबरलेली शेवंड अशीच मागे पळते," एक म्हातारी म्हणाली, "किती बारीक विचार केलाय आईने." लिझेटने मान डोलावली. विचार केला नव्हता हे सांगायची काही गरज नव्हती.

अशा कौतुकाने फुगून ती हॉलवर पोचली. आत लहानथोर जमलेले, कोपऱ्यात कॉफीभोवती कोळी, आणि मधोमध खुर्चीत झेली, मांडीवर निळी फीत. नणंद ओडिल यंदा पोराला चंदेरी कागद गुंडाळून यंत्रमानव करून घेऊन आली होती. झेलीने नातीला खालून वर न्याहाळलं. पाय मोजले, नांग्यांचे रबर ओढून बघितले.

"रंग बरोबर आहे," ती म्हणाली.

लग्नानंतर सासूने दिलेलं हे पहिलंच प्रमाणपत्र.

"मागून बघू दे."

मिरेय मागे सरली. झेली खुर्चीतून उठली, तशी आणखी मागे. आजी पुढे, नात मागे, असा हॉलला अर्धा फेरा झाला. शेवटी मिरेय केकच्या टेबलावर आदळली, तोल सावरताना भेलकांडली आणि आठ पाय पसरून पालथी पडली. चिकटपट्टीने राम म्हटला. पाठ उघडी पडून जांभळा सूट टम्मकन वर आला.

हॉल खदाखदा हसला. "अगंबाई, फाटलीच की," ओडिल म्हणाली.

लिझेटला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन महिन्यांची मेहनत, आणि गावभर हसं.

"फाटली नाहीये," जमिनीवरून आवाज आला. "मी कात टाकतेय."

सगळ्यांनी वाकून खाली बघितलं.

"पप्पांनी सांगितलंय. शेवंड मोठी झाली की कवच पाठीवर फुटतं." एवढं बोलून मिरेय सरपटत, कुल्ले हलवत, त्या फटीतून पूर्ण बाहेर आली. रिकामं कवच जमिनीवर पडलं, आणि शेजारी ती हात अंगाशी धरून उभी राहिली. "आता मी मऊ आहे. मला कोणी धक्का मारू नका."

कॉफीजवळचा एक कोळी येऊन वाकला. "बरोबर सांध्यावरच फुटलंय," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

"आई, पोशाख अंगावर हवा, असा नियम आहे," ओडिल कुरकुरली.

"जा, शेवंडीला सांग तुझा नियम." झेलीने फीत जांभळ्या सुटाला टाचली आणि सुनेकडे वळली. "इतकी वर्षं शिजलेल्याच बघत आले गं. जिवंत आज आली."

सासूच्या तोंडून हे ऐकायला लिझेट दोन वर्षं थांबली होती. ओडिलकडे एक नजर टाकायची, इतकंच बाकी होतं. पण तिने खाली वाकून कवच उचललं आणि ती नजर टाकायची राहूनच गेली. ऑगस्टमध्ये हे पोरीला टाचेपर्यंत आलं होतं. आता तिने ते मिरेयच्या अंगाला लावून बघितलं, तर घोटे उघडे. शिवण काही नुसत्या सुटामुळे गेली नव्हती. आपण रात्री जागून माप धरून शिवत बसलो आणि ही तिकडे मोठी होत राहिली.

"मम्मा," मिरेय तिचा झगा ओढत म्हणाली, "मऊ असली की शेवंड दगडाखाली लपून बसते. कडक होईपर्यंत."

"मग?"

"मग उचल ना मला."

लिझेटने उचललं. सुटासकट पोरगी चांगलीच जड झाली होती.