दोरीचं वरचं टोक

डॉक्टरीणबाईंनी गाडीच्या डिकीतून हेल्मेट काढलं आणि एका दमात आणून फिटरकाकांच्या टेबलावर ठेवलं, तेव्हाच काका काय ते समजले. पाणबुड्याचं खरं जुनं हेल्मेट कुणालाच असं कडेवर मूल घेतल्यासारखं आणता येत नाही.

"कसं आहे काका?"

बाई पेशाने दाताच्या डॉक्टर. पोहण्यात पटाईत. गेल्या वर्षापासून तांब्या-पितळेची जुनी हेल्मेटं घालून पाण्याच्या तळाशी चालायचा नाद त्यांना लागला होता. असल्या नादिष्टांचा एक क्लबच होता. आतापर्यंत त्या चार वेळा उतरल्या, पण दर वेळी दुसऱ्याचं हेल्मेट मागून. हे पहिलं स्वतःचं.

"सुंदर आहे," काका म्हणाले. "दिवाणखान्यात."

"म्हणजे?"

काका तीस वर्षं कारखान्यात फिटर होते. साखर लावून बोलणं त्यांना जमायचं नाही. "ह्या नळीच्या तोंडात फुंका."

बाईंनी गाल फुगवून फुंकलं. चेहरा लाल झाला, हवा काही जाईना.

"भोकच नाहीये. हवा येणार कुठून, स्वप्नात? काच वाजवून बघा, खिडकीची आहे. हा बोल्ट फिरवा. फिरतोय? नाही, ओतीव आहे. शोभेचं आहे बाई हे. नक्कल."

"पण दुकानदार म्हणाला, जहाजावरचं आहे!"

"असेलही. कप्तानाच्या खोलीत, छत्र्या ठेवायला."

बाई हसल्या, पण लगेच त्यांचं तोंड एवढंसं झालं. काकांना वाईट वाटलं. त्यांनी कोपऱ्यातलं गोणपाट बाजूला केलं. खाली त्यांचं स्वतःचं हेल्मेट होतं. डागाळलेलं, एका अंगाला चेपलेलं, वीस किलोंचं. वरच्या भागावर आणि खालच्या गळपट्टीवर एकच आकडा ठोकलेला, मूळच्या जोडीची खूण.

"आता इथे फुंका. गेली हवा? आता उलटी ओढा. येत नाही ना? आत झडप आहे. वर नळी फाटली तरी हेल्मेटातली हवा पळत नाही. ही एवढीशी झडप जीव वाचवते."

बाई हेल्मेटावरून हात फिरवत राहिल्या.

"अदलाबदल करू," काका एकदम म्हणाले. "हे तुम्ही न्या, तुमचं मला द्या. मला आता नुसतं बघायलाच हवंय."

काकांची बायको जाऊन सात महिने झाले होते. या छंदात एकट्याने काही होत नाही. हेल्मेट चढवायला, नट आवळायला आणि वर उभं राहून उतरणाऱ्याच्या कमरेची दोरी धरायला एक माणूस लागतं. बावीस वर्षं ते माणूस म्हणजे बायको होती. तोंडासमोरची काच लावण्याआधी ती दर वेळी विचारायची, "काही सांगायचं राहिलंय?" काका म्हणायचे, "गॅस बंद केलास ना?" आणि ती खाटकन काच लावून टाकायची.

ती गेल्यावर क्लबातले तिघे-चौघे म्हणाले, दोरी आम्ही धरतो. काकांनी सगळ्यांना गुडघ्याचं कारण सांगितलं. एकाला डावा, एकाला उजवा. हेल्मेट मात्र रोज समोर दिसायचं. घालायचा धीर होत नव्हता. त्यापेक्षा ते घरातून गेलेलं बरं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"आधी घालून बघते," बाई म्हणाल्या. "पायात घातल्याशिवाय मी चप्पलसुद्धा घेत नाही."

रविवारी सकाळी दोघं क्लबच्या टाकीवर आले. खाली हवा पाठवणाऱ्या पंपावर नेहमीचे गृहस्थ होते, त्यांना सगळे पंपवाले म्हणत. काकांनी बाईंना पोशाख चढवला, समोरासमोरचे नट जोडीजोडीने आवळले, हेल्मेट ठेवून फिरवून अडकवलं. काच हातात घेऊन क्षणभर थांबले, मग लावली.

बाई शिडीने खाली गेल्या. दोरी काकांच्या हातात राहिली. एवढ्या वर्षांत हे टोक त्यांनी कधी धरलंच नव्हतं.

खूण सोपी असते. वरून एक झटका म्हणजे "ठीक आहेस ना?", खालून एक झटका म्हणजे "ठीक." काकांनी झटका दिला. खालून झटका आला. काकांचा हात बावीस वर्षं खालच्या बाजूचा. झटका आला की उत्तर द्यायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यांनी उत्तर दिलं. बाईंना वाटलं, पुन्हा विचारतायत. त्यांनीही दिलं. काकांनी पुन्हा दिलं.

"काय हो," पंपवाले ओरडले, "पाणी शेंदताय का?"

"उत्तर देतोय!"

"कुणाला? विचारलंत तुम्ही, बाईंनी सांगितलं, संपलं! आता हात गप्प ठेवा."

काकांनी हात गप्प ठेवला. मग करायला काहीच उरलं नाही. बुडबुडे बघायचे. बसता येत नाही, बसलं की दोरी सैल पडते. शिंक आली, ती त्यांनी नाक दाबून जिरवली. दहा मिनिटांनी पोटऱ्या भरून आल्या. मधेच बुडबुडे थांबले आणि काका काठाशी वाकले. झटका द्यावा म्हणेपर्यंत पुन्हा सुरू झाले. बाई खाली मजेत असणार. ते स्वतःही असेच मजेत असायचे. एकदा तळाशी पाऊण तास रमले होते. वर आल्यावर बायको दिवसभर बोलली नव्हती. त्यांना वाटलं होतं, चहा थंड झाला म्हणून चिडली.

"पंपवाले, हिचे पाय दुखायचे का हो?"

"वहिनींचे? दर रविवारी. म्हणायच्या, घरी गेल्यावर सांगते ह्यांना."

"कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कुठे सांगू देणार? खाली काय काय पाहिलं, तेच संध्याकाळपर्यंत चालायचं तुमचं."

काकांनी दोरी दुसऱ्या हातात घेतली. नजर पाण्यावरून काढली नाही.

बाई वर आल्या. काच उघडली तर आत घामेजलेलं, खूश तोंड. "घेते! अदलाबदल पक्की!"

"नाही," काका म्हणाले.

"अहो काका, असं काय करता!"

"हेल्मेट न्या. तुमचं मला नको, दवाखान्यात ठेवा. लोक बघूनच तोंड उघडतील. पण अट आहे. दर रविवारी दोरी मी धरणार."

"आणि तुम्ही नाही उतरणार?"

"तिथलं सगळं बघून झालंय माझं. इथे उभं राहायचं राहिलंय."

पंपवाल्यांनी पंप बंद केला. बाईंना काही धीर निघेना. "काका, खाली काय गंमत झाली माहितीये? मी वळले आणि—"

"थांबा," काका नट सोडवत म्हणाले. "आधी मला खुर्ची आणून द्या. मग सगळं सांगा."